बारवीचा रस्ता आणि आमचे पाय



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभे राहणाऱ्याने काही गहन विषय हाती घ्यावा, असा आपल्याकडे संकेत आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात या प्रथेचा पाया घातला, आणि तेव्हापासून गावोगावच्या व्यासपीठांवर राजकारण, अर्थकारण, धर्म आणि साहित्य यांचा यथेच्छ खल झाला. आम्ही आज आपल्यापुढे पायांविषयी बोलणार आहोत. विषय कळवला तेव्हा चिटणिसांनी आमच्याकडे दोन वेळा पाहिले, आणि ''पादत्राणांविषयी का?'' असे विचारले. पादत्राणांचाही उल्लेख ओघाने येईलच. परंतु तासभर आपणांस खुर्चीवर बसवून 'बसू नका' असे सांगावयाचे, यातली गंमत आमच्या ध्यानात आलेली नाही असे मात्र समजू नये.

आम्ही बदलापूरचे. म्हणजे गाडीचे. सत्तावीस वर्षे आम्ही मुंबईस नोकरी केली. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर, जाऊन-येऊन १३६. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले, तर वर्षाकाठी ३८ हजार किलोमीटर भरतात. पृथ्वीचा परीघ ४० हजार आहे. सत्तावीस वर्षांचा हिशेब केला तर दहा लाखांवर जातो. इतक्यात माणूस चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा निम्म्याहून अधिक वाट चालून जाईल. आणि हा सगळा प्रवास आम्ही एकाच पायावर उभे राहून केला, कारण दुसरा पाय टेकण्यास बहुधा जागा नसे. निवृत्तीला आठ वर्षे उरली असताना डॉक्टरांनी विचारले, ''दिवसभरात चालणे किती होते?'' आम्ही अभिमानाने प्रवासाचा आकडा सांगितला. ते हसले नाहीत.

त्याच वर्षी आमच्या डब्यातील एक गृहस्थ गेले. वय एकोणपन्नास. अंबरनाथहून चढत, खिडकीशी उभे राहत, भजनाच्या वेळी टाळ त्यांच्याकडे असे. एका सोमवारी मुंब्र्याच्या पुढे त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि ''पित्त झालंय'' म्हणाले. आम्ही सर्वांनी त्यांना पित्तावरची गोळी दिली. डब्यात त्या वेळी एकही माणूस असा नव्हता की ज्याला हे पित्त नव्हे असे ओळखता आले असते. पुढे कितीतरी दिवस ते टाळ डब्यात कोणी हातात घेतले नाहीत. आजच्या व्याख्यानाचे खरे मूळ तेथे आहे.

या विषयावर शास्त्र काय म्हणते, ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या एका डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला. एकाच गाडीवर दोन माणसे. दोघांचा पगार, वस्ती, खाणे साधारण सारखे. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून, आणि वाहक तिकिटे देत दिवसभर जिन्यावरून वर-खाली. १९५३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: वाहकांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी तो उशिरा व सौम्य. टपाल खात्यातही तेच दिसले. पत्रे वाटणारा पोस्टमन सुखरूप, टेबलाशी बसणारा कारकून धोक्यात. मॉरिस मोठे प्रामाणिक. त्यांना शंका आली की मुळातच स्थूल माणसे चालकाच्या जागेवर जात असतील. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणवेशांची मापे काढून पाहिली, आणि १९५६ साली सांगितले की, होय, चालकांच्या विजारी कमरेत अधिक मोठ्या आहेत, नोकरीच्या आरंभापासूनच. म्हणजे प्रश्न वाटला तितका सरळ नव्हता. पण त्यानंतरच्या सत्तर वर्षांत जगभर जे अभ्यास झाले, त्यांनी मूळ गोष्ट पक्की केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. आठवड्यात दहा हजार ऐंशी मिनिटे असतात. त्यांतली दीडशे.

आता कोणी म्हणेल की, हे तर आम्हांस ठाऊक होते. बरोबर आहे. आम्हांसही ठाऊक होते. ठाऊक असून कोणी उठत नाही, ही खरी अडचण. औषध म्हणून घेतलेला व्यायाम चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी पाऊस येतो, सहाव्या दिवशी पाहुणे. आम्ही तळजागेच्या जोरबैठका, गच्चीवरचे सूर्यनमस्कार, सर्व प्रयोग केले, आणि सर्व सोडले. टिकली ती एकच गोष्ट, आणि ती टिकण्याचे कारण आरोग्य नव्हते. मजा हे होते.

बदलापूर स्टेशनावर 'पश्चिमेला' उतरावे आणि सूर्योदयाकडे तोंड करून निघावे. रेल्वेची पश्चिम आणि आकाशातली पश्चिम यांचे आमच्या गावी पटत नाही. उल्हास नदी ओलांडली की घरे विरळ होतात. मूळगावच्या टेकडीवर खंडोबाचे देऊळ दिसते. पुढे रस्ता चढू-उतरू लागतो, दोन्ही अंगांस साग आणि ऐन, वसंतात पळस पेटलेला, आणि उजवीकडे मागे वळून पाहिले तर हवा स्वच्छ असताना चंदेरीचा सुळका. दहा-बारा किलोमीटरांवर बारवी धरण. जाऊन-येऊन साधारण अर्ध्या मॅरेथॉनचे अंतर आपोआप पडते. जणू कोणी मोजूनच धरण बांधले. पहाटे साडेपाचला या रस्त्यावर जे दिसते ते गाडीच्या डब्यातून दिसत नाही. रविवारी सकाळी कल्याण-डोंबिवलीकडचे सायकलवीरही तेथे येतात, घट्ट विजारी आणि टोप घालून, आणि चहाच्या टपरीवर सायकली भिंतीला टेकवून, मॅच जिंकून आल्यासारखे बसतात.

आमचे पहिले दिवस मात्र विनोदी होते. एका गृहस्थांनी सांगितले की, एक मिनिट पळा आणि दोन मिनिटे चाला. आम्हांस ते अपमानास्पद वाटले. चाळीस वर्षांपूर्वी शाळेत आम्ही शंभर मीटरमध्ये दुसरे आलो होतो. त्या बळावर आम्ही थेट पुलापासून मूळगावापर्यंत पळत गेलो, आणि तेथून रिक्षाने परत आलो. पुढे तीन आठवडे जिन्यावरून उलटे उतरावे लागले. त्यानंतर एक मिनिट आणि दोन मिनिटे हा हिशेब आम्ही निमूटपणे पत्करला. पळताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. न आले तर वेग अधिक आहे, इतकी साधी कसोटी आहे. बायकोबद्दलची तक्रार पूर्णविरामापर्यंत नेता आली, तर वेग बरोबर समजावा.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. एका पाड्यापाशी आम्ही धापा टाकत चाललो असता, दारात बसलेली एक म्हातारी घाईने उठून रस्त्यावर आली. ''काय झालं रं दादा? कोन गेलं?'' आम्ही म्हणालो, ''कोणी नाही, आजी. व्यायाम करतोय.'' तिला उलगडा होईना. तिच्या आयुष्यात माणूस पळत जातो तो कोणाला साप चावला म्हणून, नाहीतर कोणी गेले म्हणून. काही कारण नसताना पन्नाशीचा माणूस घाम गाळीत पळतो, ही कल्पना तिच्यापर्यंत आलेलीच नव्हती. तिने आम्हांस खाटेवर बसवले, पाणी दिले, आणि घरात कोणी नाही ना आजारी, हे पुन्हा एकदा विचारून घेतले.

या म्हातारीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. तत्पूर्वी थोडा इतिहास.

पळणे ही परदेशी टूम आहे, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आळंदीपासून पंढरपुरापर्यंत पायी जाणाऱ्या लाखोंच्या देशात हे म्हणणे थोडे धाडसाचेच. पण शर्यतीपुरते बोलू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. तेथील क्रीडासामने पाहण्यास सर दोराबजी टाटा आले, आणि शेतकरी कुटुंबांतील मुले अनवाणी पायांनी लांब अंतरे पळताना पाहून थक्क झाले. त्यांच्या मनात आले की, ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत? समितीची बैठक झाली तेव्हाची एक कथा सांगतात. शंभर मीटर पळण्यास ऑलिंपिकमध्ये किती वेळ चालतो, असे कोणी विचारता एक सभासद म्हणाले, एक-दोन मिनिटे. तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दहाव्या भागाचा प्रश्न असतो, असे त्यांना सांगावे लागले. अशा तयारीवर १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला आपला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही अर्ध्या किलोमीटरहून अधिक. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत आले, क्रमांक एकोणिसावा. जिंकले फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन, दोन तास बत्तीस मिनिटांत. एकोणिसाव्या क्रमांकाचा उत्सव कोण करतो? परंतु आमच्यासारख्या, पुढच्या फलकाकडे न पाहता मागे अजून कोणी आहे ना हे पाहणाऱ्याला, शंभर वर्षांपूर्वी बेळगावकडचा एक माणूस परक्या हवेत पावणेतेहेचाळीस किलोमीटर पळत राहिला, हे स्मरण पुरेसे असते.

हे आपले आद्य. पुढची नावे आपण वर्तमानपत्रांत वाचली आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातील, दुष्काळी गावच्या ललिता बाबर. २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत दहाव्या. नागपूरचे डॉ. अमित समर्थ सायकलवर अमेरिका आडवी ओलांडून गेले, २०१७ साली. आणि पुढल्या वर्षी रशियात नऊ हजार किलोमीटरांवर. नाशिकचे महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, त्यांनी तीच अमेरिका २०१५ साली जोडीने ओलांडली. ही माणसे असामान्य आहेत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी अधिक बोलून उपयोग नाही. टाळ्या वाजवून आपण पुन्हा खुर्चीत बसतो.

आम्हांस अधिक अस्वस्थ करते ते एक निराळे नाव. बारामतीच्या लता भगवान करे. साठी ओलांडलेली, मजुरी करणारी बाई. पतीच्या तपासणीला पैसे नव्हते. २०१३ सालच्या अखेरीस गावात शर्यत होती, तिला बक्षीस होते. नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी त्या पळाल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचेच काम केले. या गोष्टीचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच. पण गोष्ट नीट ऐकली तर मान खाली जाते. आम्ही पळतो ते हौसेने, पैसे भरून. त्या पळाल्या कारण दुसरा मार्ग नव्हता. एकाच रस्त्यावर ही दोन्ही पळणी चालतात, आणि हौसेने पळणाऱ्याने दुसऱ्याकडे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता सामन्यांविषयी. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. पुण्याची त्याहून जुनी, १९८३ ची. या मोठ्या सामन्यांना आम्ही गेलो आहोत. दृश्य भव्य असते, समुद्राचा वारा असतो, रस्त्याच्या दुतर्फा माणसे नाव न विचारता ''चला, काका, चला!'' म्हणून ओरडतात. तरीही आमचे मत असे की, माणसाला पळायला लावते ती गावची शर्यत. तिला जायला पहाटे दोनला उठून पहिली गाडी पकडावी लागत नाही. तेथे पाणी देणारी मुलगी शेजारच्या इमारतीतली असते. शेवटच्या क्रमांकाने आलेल्यासाठी, चटया गुंडाळण्यापूर्वी, लोक थांबलेले असतात. आणि मुख्य म्हणजे तारीख. दिनदर्शिकेवर एका रविवारी लाल शाईने गोल केला की, त्या आधीचे बारा रविवार आपोआप शहाणे होतात. परीक्षा नसती तर आपल्यापैकी किती जणांनी अभ्यास केला असता?

आमच्या इमारतीतील एक बाई, वय पंचेचाळीस, पहिल्यांदा आमच्याबरोबर आल्या तेव्हा पुलावर थांबल्या आणि म्हणाल्या, ''दादा, पहाटे पाचला मी आजवर रस्त्यावर आले ती दुधासाठी, पाण्यासाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. आज कशासाठी आले, हे सासूबाईंना सांगता आलं नाही.'' पहिले दोन महिने त्या घरून दुधाची किटली घेऊन निघत आणि ती आमच्याकडे ठेवून पळत. शर्यतीच्या दिवशी सासूबाई स्वतः शेवटच्या वळणावर उभ्या होत्या. किटली घेऊन. पुरुषांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

सायकलीचे एक वेगळेच विश्व आहे. फ्रान्समधून आलेली एक प्रथा आपल्याकडे रुजली आहे, तिला ब्रेव्हे म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. वाटेत ठरल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावयाचा. आम्हा मासिक पासवाल्यांना हे फार घरचे वाटते. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आला तो आला. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर. त्यात चहा, पंक्चर आणि वडापाव धरून. ज्याला शर्यत सोसत नाही, पण घरी बसणेही सोसत नाही, त्याच्यासाठी याहून सभ्य क्रीडा आम्हांस ठाऊक नाही.

मग येतो तो तिहेरी प्रकार: पोहणे, सायकल, पळणे. त्याची जन्मकथा रंजक आहे. हवाईमधील एका बेटावर काही मंडळींत वाद झाला की, सर्वांत दमदार कोण. पोहणारा, सायकलवाला की पळणारा? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सुचवले की, बेटावरचे तिन्ही मोठे सामने एकाच दिवशी एकापाठोपाठ एक करावेत. १९७८ साली पंधरा जण निघाले, बारा पोचले. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, आणि वर पूर्ण मॅरेथॉन. यालाच 'आयर्नमॅन' म्हणतात. त्याचा अर्धा अवतार २०१९ साली आपल्या गोव्यात पणजीला आला. पण भिऊ नका. याचे छोटे रूपही आहे, पाऊण किलोमीटर पोहणे, वीस सायकल, पाच पळणे. सहा महिन्यांच्या तयारीने धडधाकट माणसाला ते साधते.

येथे मात्र आम्हांस हात जोडून एक सांगावयाचे आहे. आमच्या तरुण मित्रांना वाटते की, बारवीला रस्ता आहे आणि पाणीही आहे. मग तिहेरी सामना तेथेच का भरवू नये? भरवू नये. तरण तलावातले पोहणे आणि धरणातले पोहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मातीच्या धरणाचा काठ एकदम खचतो, तळाशी गाळ आणि जुन्या झाडांची खोडे, वरचे पाणी कोमट आणि हातभर खाली गार. पावसाळ्यात धरणे-धबधब्यांवर जाण्यास जिल्हा प्रशासन मनाई करीत आले आहे, ते उगाच नाही. दर वर्षी या भागातल्या पाण्यात कोणाचे तरी मूल जाते. आणि ते पाणी पिण्याचे आहे. उल्हासनगर, अंबरनाथपासून थेट ठाण्याकडपर्यंतच्या घरांत तेच नळाला येते. म्हणून आम्ही आमच्या गटात दुहेरी प्रकार ठरवला: पळणे, सायकल, पुन्हा पळणे. पाण्याकडे फक्त पाहावयाचे.

पाहताना काय दिसते, हेही सांगितले पाहिजे. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले; पहिला टप्पा १९७२ सालचा. पुढे उंची वाढत गेली. शेवटची वाढ चार मीटरची. २०१९ च्या पावसाळ्यात नव्या पातळीपर्यंत पाणी चढले, आणि साठा २३४ वरून ३४० दशलक्ष घनमीटरांवर गेला. हे चार मीटर कोठून आले? तोंडली, काचकोली, मोहघर अशा वस्त्यांच्या शेतांवरून आणि उंबरठ्यांवरून आले. बाधित कुटुंबांतील एकेकाला नोकरी देण्याचे ठरले, आणि त्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. ज्या म्हातारीने आम्हांस पाणी दिले, तिचे माहेर त्या पाण्यात आहे. ''ते तिकडं, वडाच्या खाली,'' म्हणून तिने बोट दाखवले. आम्हांस वड दिसला नाही. नुसते सुंदर पाणी दिसले, त्यावर सूर्य येत होता, आणि आम्ही नुकतेच म्हणालो होतो की, काय देखावा आहे!

म्हणून एका शर्यतीची आठवण आम्हांस बोचते. भरवणाऱ्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही, आणि आम्हीही तीत पैसे भरून पळालो होतो. पहाटेपासून रस्ता दोरी लावून बंद. भाजीच्या पाट्या घेऊन बाजारास निघालेल्या बाया तीन तास कडेला उभ्या. ध्वनिक्षेपकावर हिंदी गाणी. आणि संपल्यावर पाड्याच्या दारात प्लॅस्टिकचे पेले, शेकड्यांनी. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथून गेलो तेव्हा एक वासरू त्यातला पेला चघळत होते. तो पेला कदाचित आमचाच असेल. आरोग्याच्या नावाने हे चालले होते.

त्या सोमवारी आम्ही सात जण पोती घेऊन गेलो. म्हातारीचा नातू, आठवीतला, वेचू लागला. काम झाल्यावर त्याने विचारले, ''काका, मला पळता येईल का यात?'' प्रवेशमूल्य पाचशे रुपये होते. आम्ही गप्प बसलो. पण तो प्रश्न गटाच्या पुढल्या बैठकीत आला, आणि त्यावर वादही झाला. एक जण म्हणाले की, फुकट दिले की किंमत राहत नाही. दुसरे म्हणाले की, रस्ता त्यांचा, जंगल त्यांचे, तर पैसे आपण कोणाला देतो आहोत? शेवटी असे ठरले की, आपण आपली लहानशी धाव भरवावी. रस्ता एका अंगाने मोकळा ठेवावा. पाणी स्टीलच्या पेल्यांतून द्यावे, आणि नाश्ता पाड्यावरच्या बायांकडून विकत घ्यावा. रस्त्यालगतच्या गावच्या मुलांना प्रवेशमूल्य नाही. उजेड पडल्यावर आरंभ करावा, कारण या जंगलात बिबट्याचा वावर आहे आणि शर्यतीत त्याचे नाव नोंदलेले नाही.

तब्येतीविषयी दोन शब्द सांगून आटोपतो, नाहीतर अध्यक्ष घंटा वाजवतील. चाळिशीपुढच्याने आधी डॉक्टरांना दाखवावे, लाजू नये. आपल्याकडे उन्हापेक्षा दमटपणा मारतो. घाम सुकत नाही, अंग तापते. म्हणून मे आणि ऑक्टोबरात वेग घड्याळाला विचारून ठरवू नये. पाणी प्यावे, पण नुसते पाणी घटाघटा पीत राहणेही घातक, मीठ लागते. लिंबू, मीठ, साखर, आपली जुनी योजना पुरेशी आहे. सायकलला मागे लाल दिवा हवा आणि डोक्यावर शिरस्त्राण. पादत्राणांविषयी चिटणिसांना एवढेच सांगतो की, दुकानदार पायापेक्षा खिसा अधिक पाहतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील तो बूट घ्यावा. आणि छातीत दडपण, जबडा वा डावा हात दुखणे, गार घाम. यांपैकी काही झाले तर शर्यत तेथेच संपली. १०८ ला दूरध्वनी करावा. पित्ताची गोळी देऊ नये. आमच्या गटात आता नऊ जण छाती दाबण्याचे प्रथमोपचार शिकलेले आहेत, आणि त्यांतले चार आमच्याच डब्यातले आहेत.

धाव झाली ती गेल्या जानेवारीत. चाळीस-बेचाळीस माणसे. म्हातारी रस्त्यावर येऊन बसली होती, आणि पळणाऱ्या प्रत्येकाला ''सावकाश जा रं,'' म्हणत होती. हे वाक्य शर्यतीत आम्ही प्रथमच ऐकले आणि ते केवळ आम्हीच पाळले. तिचा नातू छातीवर क्रमांक लावून, शाळेचेच बूट घालून पळाला. आम्ही दहा किलोमीटर संपवून धरणाच्या टपरीपाशी पोचलो तेव्हा तो कट्ट्यावर बसून चहात पाव बुडवीत होता, आणि त्याचा घामही वाळला होता. त्याने आम्हांस सरकून जागा दिली. थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला, आणि मग फार आदराने विचारता झाला, ''काका, तुम्ही रोज पळता, तरी एवढे हळू कसे?''

आम्ही दोन चहा सांगितले.